फुलोरा ओळखायचा कसा : आधी वय, मग टोक, नाव सगळ्यात शेवटी

फांदीवर फुलं कशी मांडलेली आहेत हे ओळखताना बहुतेकांचं एकाच जागी बिघडतं. फुलोरा हातात घेतला की पहिल्याच नजरेत त्याचा आकार दिसतो. तुरा दिसला की मंजरी, छत्री दिसली की छत्रीसारखा, गोळा दिसला की गुच्छ. मग पुस्तकातल्या चित्राशी आकार जुळवायचा आणि नाव लिहून मोकळं व्हायचं. दहातली पाच-सहा उत्तरं अशीही बरोबर येतात, म्हणूनच ही सवय सुटत नाही. उरलेल्या चार-पाच वेळा मात्र आकार साफ फसवतो. कांद्याचा गोंडा छत्रीसारखा दिसतो, पण त्याची घडण वेगळी असते. तुळशीच्या तुऱ्याला सगळे मंजरी म्हणतात, पण वनस्पतिशास्त्रातल्या मंजरीशी तो पूर्णपणे जुळत नाही. आणि झेंडूचं फूल तर फूलच नाही.

फुलोऱ्याचं नाव आकारावरून पडत नाही. ते तीन गोष्टींवरून पडतं : कोणतं फूल आधी उमललं, मुख्य दांड्याचं टोक कशात संपलं आणि फुलं दांड्याला कशी जोडली आहेत. आकार हा या तिन्हींचा परिणाम असतो, आणि एकच परिणाम दोन निराळ्या वाटांनी घडू शकतो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. नावाची पायरी सातवी आहे. तिच्याआधी वहीत नाव लिहिलंत, तर पुढचं निरीक्षण त्या नावाला पुरावे गोळा करण्यात जातं.

## शब्द आधी पक्के करा

पुस्तकांत पुष्पविन्यास, पुष्पक्रम, पुष्पबंध आणि फुलोरा असे चार शब्द सापडतील. चारही एकाच गोष्टीचे आहेत. मी इथे फुलोरा म्हणतो. ज्या दांड्यावर फुलं लागतात तो अक्ष. एकेका फुलाचा स्वतःचा तो देठ. ज्या लहानशा पानाच्या बेचक्यातून फूल निघतं ते छद. छद हिरवं, रंगीत, कागदी किंवा नुसत्या खवल्याएवढं असू शकतं. काही झाडांत ते नसतंच.

दोन मोठे गट आहेत. अक्षाचं टोक वाढत राहतं आणि बाजूला नवी फुलं धरत जातं, तो अकुंठित फुलोरा. टोकावर फूल येऊन अक्षाची वाढ तिथेच थांबते आणि पुढची फुलं खालच्या बेचक्यांतून निघतात, तो कुंठित. कुंठित म्हणजे खुंटलेला, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

## तयारी

हातभिंग १० पटींचं असलं की पुरतं. त्याहून मोठ्या भिंगाखाली एका वेळी इतका कमी भाग दिसतो की नवशिक्याला आपण कुठे पाहतोय तेच कळत नाही. नवीन ब्लेड, टोकदार चिमटा, एक टाचणी, पट्टी, जाड पांढरा कागद, पेन्सिल आणि रंगीत दोऱ्याचे तुकडे एवढं सामान जवळ ठेवा. पेन नको, कारण खोडावं लागणार आहे.

नमुना निवडण्यात निम्मं काम असतं. पूर्ण उमललेला देखणा फुलोरा घेऊ नका. ज्यात कळ्या, उमललेली फुलं आणि गळून गेलेल्या फुलांच्या खुणा किंवा कोवळी फळं एकत्र दिसतात असा अर्ध्यावरचा फुलोरा शोधा. मोहरीच्या एकाच दांड्यावर खाली शेंगा, मध्ये पिवळी फुलं आणि वर कळ्यांची दाटी असते. शिकायला त्याहून चांगला नमुना नाही.

एकाच नमुन्यावर विसंबू नका. किमान तीन फुलोरे, शक्य तर वेगवेगळ्या झाडांवरचे आणि वेगवेगळ्या वयांचे बघा. तोडताना फुलोरा त्याच्या खालच्या दोन-तीन पानांसकट तोडा. पानं का लागतात ते दुसऱ्या पायरीत कळेल. लगेच बघणं जमणार नसेल तर ओलसर कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवा. पाण्यात उभा करून ठेवलेल्या फुलोऱ्यातल्या कळ्या घरातही उमलत राहतात आणि मोजलेला क्रम बदलतो.

सावधान : रुई आणि युफोर्बिया कुळातल्या झाडांचा चीक डोळ्यांना घातक असतो. अळूवर्गातल्या झाडांचा रस हाताला खाजतो. धोतऱ्याचं झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे. हे नमुने हातमोजे घालून कापा, ब्लेड पुसून ठेवा आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. संरक्षित जागेतलं किंवा दुर्मीळ झाड असेल तर तोडू नका, जागेवरच दोरा बांधून निरीक्षण करा.

## पायरी १ : हातात फूल आहे की फुलांचा मेळा?

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट जातं, आणि बहुतेक जण तीच गाळतात. ज्याला आपण सहज फूल म्हणतो ते अनेकदा शेकडो फुलांचं गाव असतं.

कसोटी सोपी आहे. एका फुलात बाहेरून आत जाताना निदलं, पाकळ्या, पुंकेसर आणि मध्ये स्त्रीकेसर अशी मांडणी एकदाच येते. यांतलं एखादं नसेलही, पण हा संच पुन्हा पुन्हा येत नाही. जास्वंदीत मधोमध एकच खांब आहे. त्यावर पुंकेसर आहेत आणि टोकाला पाच ठिपक्यांत संपणारं स्त्रीकेसर. म्हणजे ते एक फूल.

आता झेंडू घ्या. खालची हिरवी वाटी उभी चिरा. एक ‘पाकळी’ चिमट्याने मुळाशी धरून हळूच उपटा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. तिच्या तळाशी काडीसारखा बारीक भाग दिसेल. ते अंडाशय आहे, पुढे त्याचंच बी होतं. भिंग लावलं की पाकळीच्या नळीतून बाहेर आलेला, टोकाला दुभंगलेला धागाही दिसतो. म्हणजे जिला पाकळी म्हणत होतो ते स्वतंत्र फूल निघालं. हिरवी वाटी ही छदांची, एकमेकांना चिकटून झालेली. सूर्यफुलात हेच मोठ्या मापावर दिसतं. कडेची एकेक पिवळी ‘पाकळी’ हे एक प्रकारचं फूल आणि मधल्या तबकडीतली बारीक नळीदार फुलं हा दुसरा प्रकार. सूर्यफुलाच्या कडेच्या फुलांत तो दुभंगलेला धागा सापडत नाही, ती वांझ असतात. झेंडूत सापडतो. दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघाच.

आणखी तीन फसवे नमुने :

बोगनवेल. रंगीत कागदासारखी तीन पानं ही छदं. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली बारीक नळी आणि तिच्या टोकाची लहानशी पांढरट चांदणी, ते खरं फूल. म्हणजे ‘एका फुलात’ तीन फुलं.

पॉइन्सेटिया. लाल पानं बाजूला सारा. मध्ये हिरवट-पिवळ्या लहान वाट्या दिसतील. एकेक वाटी हा एकेक फुलोरा. वाटीच्या मधून देठावर बाहेर डोकावणारं तीन कप्प्यांचं अंडाशय हे एक मादी फूल, आणि भोवतीचे पुंकेसर म्हणजे एकेक नर फूल. नुसता पुंकेसर हे फूल कसं, असं विचाराल. भिंगाखाली त्या काडीवर एक सांधा दिसतो. सांध्याखालचा भाग हा फुलाचा देठ आणि वरचा पुंकेसराचा तंतू. सांधा सापडेपर्यंत या वाटीला फूल म्हणण्याची चूक कुणाकडूनही होईल.

उंबर, अंजीर, वड, पिंपळ. यांना फुलं येत नाहीत ही समजूत फळ न चिरल्यामुळे टिकली आहे. कोवळं फळ टोकावरच्या बारीक तोंडातून देठापर्यंत उभं चिरा. आतल्या पोकळीच्या भिंतीवर दाटीने फुलंच लागलेली दिसतात. आडवं चिरलंत तर तोंड हरवतं आणि तोंडाजवळच्या फुलांचा वेगळेपणा कळत नाही.

तपासणी : पुढे जाण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. ‘या नमुन्यातलं एक फूल म्हणजे हे’, आणि त्या एका फुलाचं चित्र. वाक्य लिहिता येत नसेल तर अजून पहिलीच पायरी चालू आहे.

## पायरी २ : फुलोऱ्याची हद्द आखा

फुलोरा कुठे सुरू होतो? खालून वर येताना शेवटचं नेहमीसारखं पान जिथे लागतं, त्याच्या वर. तोडताना पानं ठेवायला सांगितली ती यासाठी. बरेच जण मोठ्या फुलोऱ्याची एक फांदी तोडून आणतात आणि तिलाच पूर्ण फुलोरा समजून नाव देतात. आंब्याच्या मोहराची एक डहाळी आणि अख्खा मोहर यांची नावं वेगळी निघतील.

हद्द आखल्यावर फुलोऱ्याची जागाही लिहा : फांदीच्या टोकाला, पानाच्या बेचक्यात, की फणसासारखा थेट खोडावर.

इथे बॉटलब्रश आडवा येतो. त्याच्या लाल ब्रशच्या पुढे फांदी पुन्हा पानं धरत वाढत जाते. फुलोरा ‘टोकाला’ म्हणावा तर टोकाला पानं आहेत. अननसातही फळावर पानांचा शेंडा असतो. असं दिसलं तर गोंधळून जाऊ नका, उलट खूश व्हा. अक्षाचं टोक फुलात संपलेलं नाही याचा इतका उघड पुरावा फार कमी ठिकाणी मिळतो.

## पायरी ३ : प्रत्येक फुलाचं वय लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पांढऱ्या कागदावर अक्षाची रेघ ओढा. जिथे फूल आहे तिथे गोल काढा, जुन्या फुलाला मोठा आणि नव्याला लहान. कळी म्हणजे टिंब. मग गोलांना आकडे द्या, सगळ्यात जुनं १.

वय कशावरून ठरवायचं? आधी फळ, मग गळलेल्या फुलाची खूण, मग कोमेजलेलं फूल, पूर्ण उमललेलं, अर्धं उमललेलं, मोठी कळी, लहान कळी. काही झाडं रंगानेच वय सांगतात. मधुमालतीचं फूल पांढरं उमलतं, मग गुलाबी आणि लाल होतं. घाणेरीच्या अनेक जातींत आतली नवी फुलं पिवळी आणि कडेची जुनी फुलं नारिंगी, लाल किंवा गुलाबी असतात. घाणेरीचा झुबका वरून पाहिलात तर वयाचा नकाशाच समोर येतो : म्हातारी कडेला, तरुण मध्ये.

फुलाच्या आकारावरून वय ठरवू नका. कोथिंबिरीच्या फुलोऱ्यात कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मुळातच मोठ्या असतात. त्यांचा मोठेपणा वयाचा नाही, जागेचा आहे.

सावधान : ‘खालून वर’ आणि ‘वरून खाली’ हे शब्द वहीतून हद्दपार करा. त्याऐवजी ‘बुडाकडून टोकाकडे’ लिहा. बुड म्हणजे फांदीला जोडलेली बाजू. बाहव्याचा घोस खाली लोंबतो. त्यात वरची फुलं आधी उमलतात आणि खालच्या टोकाला कळ्या असतात. मी एकदा घोसाखाली मान वर करून ‘उलट क्रम, कुंठित’ असं लिहून आलो होतो, अगदी ठाम अक्षरात. घरी आल्यावर कागद उलटा धरला तेव्हा कळलं. घोसाचं बुड वरच होतं, क्रम सरळच होता. लोंबणारा कोणताही फुलोरा चित्रात उभा करून काढायचा, हा नियम त्या दिवसापासून पाळतो.

चपट्या आणि गोल फुलोऱ्यांत बुड-टोक दिसत नाही. तिथे कड म्हणजे बुड आणि मध्य म्हणजे टोक. दांडा दाबून सपाट केला आहे असं समजा. सूर्यफूल कडेकडून मध्याकडे उमलतं, म्हणजे बुडाकडून टोकाकडेच.

तपासणी : नमुन्यातली तीन फुलं निवडून त्यांच्याजवळ दोरा बांधा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. पुढचं फूल तुमच्या अंदाजाच्या बाजूलाच उमललं का? नाही, तर आकडे चुकले आहेत.

## पायरी ४ : टोक बघा

आता अक्षाच्या शेंड्यावर भिंग धरा. बारीक होत जाणाऱ्या कळ्यांची दाटी दिसली तर टोक जिवंत आहे, फुलोरा अकुंठित. टोकावर एक फूल बसलं आहे आणि तेच सगळ्यात जुनं आहे, तर कुंठित. दोन्ही अटी एकत्र लागतात. टोकाला नुसतं फूल दिसणं पुरेसं नाही. फुलोरा संपत आला की अकुंठित अक्षाची शेवटची कळीही टोकाशी उमललेली दिसते, पण ती सगळ्यांत लहान वयाची असते.

मोगऱ्याची तीन कळ्यांची जोडणी हा कुंठिताचा सरळ नमुना. मधली कळी मोठी, ती आधी उमलते. दोन्ही बाजूंच्या सारख्या वयाच्या, मागून येतात. त्या दोघींच्या बाजूंना आणखी दोन-दोन निघाल्या तरी नियम तोच.

दरवेळी दोनऐवजी एकच बाजू वाढली तर मात्र खरी गंमत होते. टोकाचं फूल बाजूला ढकललं जातं, खालच्या बेचक्यातून निघालेली नवी फांदी सरळ होऊन अक्षाची जागा घेते, तिचंही टोक फुलात संपतं, पुन्हा नवी फांदी. असे दहा-वीस तुकडे जोडले की बघणाऱ्याला एकच सलग अक्ष आणि बाजूला लागलेली फुलं दिसतात. हुबेहूब मंजरी. भुरुंडीचा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला तुरा हा असाच. त्याचं टोक गुंडाळलेलं असतं आणि फुलं वळणाच्या एकाच बाजूला रांगेत बसतात.

पण ‘एका बाजूला फुलं’ एवढ्यावरही निकाल देऊ नका. ग्लॅडिओलसची फुलंही एका बाजूला तोंड करून असतात आणि तो साधा अकुंठित फुलोरा आहे. तिथे टोक सरळ असतं, आणि प्रत्येक फूल आपापल्या छदाच्या बेचक्यात बसलेलं असतं. यावरून पुढची पायरी.

## पायरी ५ : छद कुठे आहे?

खऱ्या सलग अक्षावर फूल छदाच्या बेचक्यात असतं, म्हणजे छद आणि फूल एकाच बाजूला, छद खाली. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या अक्षावर छद बहुतेक वेळा फुलाच्या समोरच्या बाजूला सापडतं. कारण त्या छदाच्या बेचक्यातून जी फांदी निघाली तीच आता ‘अक्ष’ म्हणून मिरवते आहे, आणि फूल हे जुन्या तुकड्याचं टोक आहे. टाचणीने फूल हळूच बाजूला करून खाली बघा, मग दांड्याला वळसा घालून मागे बघा.

ही कसोटी फार कामाची, पण सगळीकडे लागू पडत नाही. मोहरीत छदच नसतं. भुरुंडीतही ते शोधत बसू नका. काही झाडांत ते फूल उमलण्याआधीच गळतं आणि आडवी बारीक खूण उरते. म्हणून छद सापडलं नाही तर कळीच्या अवस्थेतला फुलोरा घेऊन पुन्हा बघा. तिथेही नसेल तर वहीत ‘छद नाही’ असं लिहा आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या नोंदींवर भिस्त ठेवा.

मोठ्या छदांची नोंद वेगळी करा. अळूच्या फुलोऱ्याला गुंडाळून असलेलं मोठं छद, कांद्याच्या गोंड्याला उमलण्याआधी झाकणारं कागदी आवरण, सूर्यफुलाखालची हिरव्या छदांची वर्तुळं. नाव देताना ही उपयोगी पडतात.

## पायरी ६ : देठ आणि फांद्या

हे पटकन होतं. फुलांना देठ आहेत की ती अक्षाला चिकटून आहेत? देठ असतील तर बुडाचे आणि टोकाचे देठ पट्टीने मोजा. सारखे आहेत, की बुडाचे लांब आणि टोकाकडे आखूड होत जातात? सगळे देठ एकाच बिंदूतून निघतात का? अक्षाला थेट फुलं आहेत, की आधी फांद्या आणि मग फुलं?

‘एकाच बिंदूतून’ हे डोळ्यांनी ठरवू नका. दांडा उभा चिरून बघा. गुलमोहराची फुलं बाहेरून जवळपास एका पातळीवर दिसतात, पण देठ अक्षावर वेगवेगळ्या उंचीवरून निघालेले असतात, खालचे लांब म्हणून वर पोचलेले. कोथिंबिरीत काड्या खरोखरच एका ठिकाणाहून फुटतात, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक लहान छत्री.

## पायरी ७ : आता नाव

अक्ष अकुंठित निघाला तर असं बघा :

- लांब अक्ष, देठ असलेली फुलं : मंजरी. मोहरी, बाहवा.
- लांब अक्ष, बिनदेठाची फुलं : कणिश. आघाडा.
- कणिशच, पण अक्ष मांसल आणि एका मोठ्या छदात गुंडाळलेला : स्थूलकणिश. अळू. मादी फुलं बुडाशी, नर फुलं वर, मध्ये वांझ पट्टा.
- बुडाचे देठ लांब, फुलं एका पातळीत : गुलुच्छ. गुलमोहराला अनेकदा गुलुच्छासारखी मंजरी असंही म्हणतात, आणि ते जास्त प्रामाणिक आहे.
- सगळे देठ एका बिंदूतून : चामरकल्प. कोथिंबीर, गाजर आणि बडीशेप यांच्यात तो दुहेरी असतो.
- अक्ष दबून सपाट, बिनदेठाची फुलं, खाली छदांचं कडं : स्तबक. सूर्यफूल, झेंडू, शेवंती.
- अक्षाला फांद्या आणि त्यांवर फुलं : परिमंजरी.

कुंठित निघाला तर तो वल्लरी. मग एवढंच बघायचं की दरवेळी एक बाजू वाढली की दोन. पॉइन्सेटियाची वाटी आणि उंबराची पोकळी यांना स्वतःची नावं आहेत, चषकरूप आणि कुंभासनी. ती पहिल्या पायरीतच ओळखू येतात.

सावधान : एकाच झाडात दोन नियम असू शकतात. झेंडूच्या एका स्तबकात फुलं कडेकडून मध्याकडे उमलतात, म्हणजे अकुंठित. पण अख्ख्या रोपावर मुख्य दांड्याच्या शेंड्यावरचा स्तबक आधी फुलतो आणि खालच्या फांद्यांचे मागून, म्हणजे स्तबकांची मांडणी कुंठित. दोन पातळ्या असतील तर नोंदीही दोन करा. एकाच ओळीत कोंबल्या की वाद होणारच.

## हमखास चुकणारे चार नमुने

कांदा. छत्री दिसते म्हणून चामरकल्प लिहिलं जातं. तिसरी पायरी प्रामाणिकपणे केली तर कडेकडून मध्याकडे असा शिस्तीचा क्रम सापडत नाही. जुनी-नवी फुलं मिसळलेली असतात. आखडलेल्या बऱ्याच लहान वल्लऱ्या एकत्र येऊन तो गोंडा झालेला असतो. रुईच्या झुबक्यातही छत्रीच्या रूपामागे वल्लरी आहे.

धोतरा. फूल फांद्यांच्या बेचक्यात दिसतं म्हणून ‘बेचक्यातलं एकटं फूल’ असं लिहितात. मुळात ते अक्षाच्या टोकाचं फूल आहे. त्याच्या खालून निघालेल्या फांद्या पुढे वाढल्या आणि फूल मागे दुबेळक्यात राहिलं.

गहू. ओंबीत बुडाकडून टोकाकडे क्रम शोधाल तर निराश व्हाल. परागकोश आधी ओंबीच्या मध्याच्या आसपास बाहेर पडतात आणि मग दोन्हीकडे पसरतात. शिवाय ओंबीवरचा एकेक दाणेदार घटक हे एक फूल नसून काही फुलांचं लहान कणिश आहे. पहिली पायरी इथेही लागतेच.

लाजाळू आणि बाभूळ. गोंडा दिसतो म्हणून सूर्यफुलाच्या पंक्तीत बसवतात. त्यातले गुलाबी-पिवळे धागे पुंकेसर आहेत. एक फूल सुटं करून पाहिलं तर त्याला स्वतःच्या पाकळ्या सापडतात, आणि गोंड्याखाली सूर्यफुलासारखं छदांचं कडं नसतं.

## निकाल लागत नसेल तर

शेंडा खुडलेला, किडीने खाल्लेला किंवा वाऱ्याने मोडलेला नमुना टोकाबद्दल खोटं बोलतो. बाजूच्या फांद्या मग जोमाने वाढतात आणि अकुंठित फुलोराही खुंटलेला दिसतो. तो टाकून द्या. तीन नमुने तीन उत्तरं देत असतील तर नाव लिहूच नका, फक्त वर्णन लिहा. ‘अक्ष सलग, ९ फुले, क्रम बुडाकडून टोकाकडे, देठ ४ मिमी, छद फुलाखाली’ अशी नोंद दहा वर्षांनीही उपयोगी पडते. नुसत्या ‘मंजरी’ या शब्दावरून पुढच्याला काहीच तपासता येत नाही.

## एक भरलेली नोंद

नमुना तुळशीचा. सातही पायऱ्या झाल्यावर वहीचं पान असं दिसतं :

*एक फूल : दोन ओठांचं, जांभळट, लहान देठाचं. पाकळ्या गळाल्या तरी निदलांची कुपी अक्षावर राहते.*

*हद्द : शेवटच्या पानांच्या जोडीच्या वर. जागा फांदीच्या टोकाला.*

*वय : बुडाशी सुकलेल्या कुप्या, मध्ये उमललेली फुले, टोकाला कळ्या. पण एकाच पेरावर सगळी एका वयाची नाहीत.*

*टोक : बारीक कळ्यांची दाटी, शेंड्यावर फूल नाही.*

*छद : प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन. एकेकाच्या बेचक्यात तीन फुले.*

*देठ, फांद्या : पेराभोवती ३ + ३ = ६ फुलांचं कडं. तिघांतलं मधलं आधी उमललेलं, बाजूची दोन कळीत.*

*नाव : मुख्य अक्ष अकुंठित. पेरावरची प्रत्येक तिघांची जोडणी ही वल्लरी, म्हणजे कुंठित. दोन वल्लऱ्या मिळून एक कडं, पुंजवल्लरी. ‘मंजरी’ खोडलं.*